निवडयादीत नसलेले नाव

उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली म्हणजे आमच्या देवळाच्या ओवरीत दरवर्षी एक दृश्य दिसू लागते. सायंकाळची आरती आटोपते, तीर्थप्रसाद होतो, मंडळी पांगतात; आणि एखादे गृहस्थ किंवा एखादी माउली मात्र खांबाशी घुटमळत उभी राहते. हातातील पिशवीत जपून आणलेले कागद असतात. निवडक मुलांच्या शाळेसाठी आपल्या मुलाने परीक्षा दिली होती, यादी लागली, तीत त्याचे नाव नाही. तेव्हा वरच्या साहेबांकडे अर्ज करावयाचा आहे, तो लिहून द्याल काय, अशी विचारणा होते. शेजारी ते दहा वर्षांचे मूल उभे असते आणि आपल्याविषयी चाललेले बोलणे ऐकत पायाच्या अंगठ्याने फरशी घासत असते.

अर्ज लिहिणे हे काम अर्ध्या तासाचे. परंतु तो लिहावा की लिहू नये, आणि लिहिलाच तर त्यात काय मागावे, हा प्रश्न अर्ध्या तासात सुटणारा नाही. या विषयावर सभामंडपात दोन मते नेहमी ऐकू येतात. कोणी म्हणतात, जे झाले ते प्रारब्ध. देवाने त्याच्यासाठी दुसरे काही योजिले असेल. उगाच कागद काळे करू नयेत. दुसरे म्हणतात, आजच्या काळात मागितल्यावाचून काही मिळत नाही. मुलासाठी बाप भांडणार नाही तर कोण भांडणार? आम्हांस ही दोन्ही मते अपुरी वाटतात, आणि ती का अपुरी वाटतात याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. आपल्या भागात अशा शाळांपैकी ज्यांचे नाव सर्वांच्या तोंडी आहे ती म्हणजे जवाहर नवोदय विद्यालये. 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने या योजनेला रूप दिले. तत्पूर्वी 1985-86 मध्ये हरियाणातील झज्जर आणि महाराष्ट्रातील अमरावती येथे पहिल्या दोन शाळा निघाल्या. खेड्यातील हुशार मुलाला पैशाच्या अभावी चांगले शिक्षण अंतरू नये, हा हेतू. निवास, भोजन, पुस्तके यांचा भार शासनाकडे. सहावीच्या वर्गात जास्तीत जास्त 80 मुले घेतली जातात. त्यांपैकी किमान तीनचतुर्थांश जागा ग्रामीण मुलांच्या आणि एकतृतीयांश जागा मुलींच्या. परीक्षा दोन तासांची, 80 प्रश्न, 100 गुण. निम्मे गुण बुद्धिचाचणीला, उरलेले अंकगणित व भाषा यांना समान. ही परीक्षा मुलाला एकदाच देता येते. उत्तरपत्रिका यंत्राने तपासली जाते आणि फेरतपासणीची तरतूद नियमांत ठेवलेली नाही.

एका जिल्ह्यातून या 80 जागांसाठी हजारो मुले बसतात. यादीतील शेवटचे मूल आणि यादीबाहेरचे पहिले मूल यांच्यात अंतर असते ते एखाद्या प्रश्नाचे. एखाद्या गोलात शाई नीट भरली गेली की नाही, एवढेच. म्हणून अशा परीक्षेनंतर घरी ‘नापास झाला’ हा जो शब्द वापरला जातो, तो आम्हांस मुळातच चुकीचा वाटतो. येथे पास-नापास नाही. पंक्तीत पाने ऐंशीच मांडली होती, एक्याऐंशीव्याला बाहेर थांबावे लागले, एवढाच याचा अर्थ. जो बाहेर थांबला त्याला भूक नव्हती असे कोणी म्हणत नाही.

बुद्धीच्या मोजमापाविषयी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. अमेरिकेत लुईस टर्मन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1921 मध्ये कॅलिफोर्नियातील असामान्य बुद्धीची मुले शोधून काढण्याचा मोठा उद्योग आरंभिला. बुद्ध्यंकाच्या चाचण्या घेऊन त्याने सुमारे दीड हजार मुले निवडली आणि पुढे जन्मभर त्यांचा मागोवा घेण्याची व्यवस्था केली. त्याच चाचणीत दोन मुलगे कमी पडले म्हणून गाळले गेले. त्यांतला एक विल्यम शॉक्ली. त्याला 1956 मध्ये पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा लुईस अल्वारेझ. त्याला ते 1968 मध्ये मिळाले. निवडलेल्या दीड हजारांपैकी मात्र कोणालाही ते मिळाले नाही. यावरून चाचण्या निरर्थक ठरतात असे आम्ही म्हणत नाही. निवडलेली बहुतेक मुले पुढे चांगली शिकली, चांगल्या पदांवर गेली. पण मोजपट्टीच्या बाहेर काय राहते हे मोजपट्टीला कळत नसते, इतके तरी यातून दिसते.

तेव्हा ‘प्रारब्ध’ म्हणून गप्प बसणाऱ्यांना आमचे पहिले उत्तर असे की, ही यादी देवाने केलेली नाही, माणसांनी केलेली आहे. माणसाच्या हातून चूक होते, यंत्राला माहिती पुरविणाऱ्याच्या हातूनही होते. जन्मतारीख चुकीची पडते, प्रवर्गाचा रकाना चुकतो, ग्रामीणाऐवजी शहरी लिहिले जाते. अशी चूक दाखवून देणे ही देवाच्या इच्छेविरुद्ध तक्रार नव्हे. फळाची आसक्ती नसावी, हे गीतेचे सांगणे आपण सारे मानतो. परंतु त्याचा अर्थ प्रश्नच विचारू नये असा कोणी लावू लागला तर त्याने त्या ग्रंथाची रचनाच ध्यानात घ्यावी. अर्जुन शंका विचारीत गेला म्हणून तर अठरा अध्याय झाले. भगवंतांनी त्याला ‘तू विचारतोस का’ असे म्हणून एकदाही दटावलेले नाही.

इंग्लंडमध्ये 1944 च्या शिक्षण कायद्यानंतर अकराव्या वर्षी मुलांची परीक्षा घेऊन त्यांना वेगवेगळ्या शाळांत वाटून देण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. एवढ्या लहान वयात आयुष्याची वाट ठरविणे योग्य नव्हे, असा विचार बळावून 1965 नंतर ती बहुतेक ठिकाणी मागे पडली. ज्या थोड्या परगण्यांत ती अजून चालू आहे, तेथे नाकारलेल्या मुलाच्या पालकाला स्वतंत्र मंडळापुढे आपले म्हणणे मांडता येते. दाद मागणे तेथे उद्धटपणाचे मानले जात नाही. ते निवडीच्या व्यवस्थेचेच एक अंग समजले जाते.

आपल्याकडे या बाबतीत न्यायालयांनीही बराच विचार केलेला आहे. महाराष्ट्राच्या माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाविरुद्ध काही विद्यार्थी उत्तरपत्रिका पाहू द्याव्यात व फेरतपासणी व्हावी म्हणून उभे राहिले. मुंबईच्या उच्च न्यायालयाने त्यांची बाजू घेतली. पण 1984 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरविला. लाखो उत्तरपत्रिका पुनःपुन्हा उघडल्या तर निकालाला अंतच राहणार नाही, असा त्यामागील विचार होता. पुढे 2005 मध्ये माहितीच्या अधिकाराचा कायदा आला, आणि 2011 मध्ये त्याच न्यायालयाने परीक्षार्थीला आपली तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. या दोन निर्णयांना परस्परविरोधी समजण्याचे कारण नाही. निकालाला कोठेतरी शेवट हवा हे खरे, आणि तो शेवट डोळे झाकून होऊ नये हेही खरे.

आता दुसऱ्या पक्षाकडे वळू. मुलासाठी बापाने भांडावे, हे म्हणणे ऐकावयास गोड आहे. गणिती श्रीनिवास रामानुजन यांच्या मातोश्रींची हकिकत त्यांच्या चरित्रकारांनी सांगितली आहे. 1904 मध्ये रामानुजन शिष्यवृत्ती मिळवून कुंभकोणच्या कॉलेजात दाखल झाले. गणिताखेरीज अन्यत्र त्यांचे चित्त लागेना, इंग्रजीत ते अनुत्तीर्ण झाले आणि शिष्यवृत्ती गेली. तेव्हा त्या माउली थेट प्राचार्यांकडे गेल्या. गणितात माझ्या मुलाची बरोबरी करणारा दुसरा दाखवा, असे त्यांचे म्हणणे. प्राचार्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि नियमावर बोट ठेवले. 1905 मध्ये खचलेला मुलगा घर सोडून विशाखापट्टणच्या बाजूला निघून गेला. 1918 मध्ये तोच लंडनच्या रॉयल सोसायटीचा सदस्य झाला.

ही हकिकत सांगून पालक आम्हांस विचारतात, मातोश्री बरोबर होत्या ना? होय, मुलाच्या बुद्धीविषयी त्या बरोबर होत्या. पण प्रत्येक आई आपल्या मुलाविषयी हेच सांगते, आणि प्राचार्यांच्या खोलीत बसलेल्या माणसाला खरी कोणती व प्रेमाने आंधळी कोणती हे ओळखण्याचे साधन नसते. शिवाय शिष्यवृत्तीच्या जागी शाळेतील जागा असली म्हणजे आणखी एक गोष्ट येते. ऐंशीच्या ऐंशीच राहणार. आमच्या अर्जाने आमचा मुलगा आत गेला, तर ज्याचे नाव खाली घसरेल तो कोण? तो कदाचित ममदापूरचा असेल, कदाचित खडकलाटचा. त्याची आई तंबाखूच्या वखारीत किंवा विड्या वळण्याच्या कामावर असेल, आणि आपल्या मुलाचे नाव का गेले हे विचारावयास कोणाकडे जावे हेही तिला ठाऊक नसेल. ‘माझ्या मुलाला घ्या’ या अर्जात ‘त्याला काढा’ हे वाक्य न लिहिताच लिहिलेले असते.

याकरिता आम्ही येणाऱ्या पालकाला दोन प्रश्न विचारीत असतो. पहिला असा: हीच चूक शेजाऱ्याच्या मुलाच्या बाबतीत झाली असती तर आपण तिला चूकच म्हटले असते काय? दुसरा अधिक अवघड आहे: चूक आपल्या लाभाची झाली असती, चार गुण जास्त पडून नाव यादीत आले असते, तर आपण हा अर्ज घेऊन आला असता काय? पहिल्याला बहुतेक सर्व जण ‘हो’ म्हणतात. दुसऱ्यावर बहुतेक सर्व जण हसतात. आम्हीही हसतो, कारण आमच्यापाशी तरी त्याचे निराळे उत्तर कोठे आहे?

येथवर जे लिहिले ते कोणत्याही गावाला लागू पडेल. परंतु आपला मुलूख सीमेचा, आणि सीमेमुळे येथे एक निराळाच पेच उत्पन्न होतो. बेळगाव जिल्ह्याचे नवोदय विद्यालय कोथळीला आहे, कोल्हापूर जिल्ह्याचे कागलला. निपाणीकराला दोन्ही जवळची. पण नियम असा की, मूल ज्या जिल्ह्यात राहते त्याच जिल्ह्यातील शाळेत पाचवीत शिकत असले पाहिजे, आणि परीक्षाही त्याच जिल्ह्याच्या विद्यालयासाठी दिली पाहिजे. देशभर पाहता हा नियम रास्त आहे. नाहीतर शहरातील धूर्त लोक सोयीच्या जिल्ह्यात जाऊन जागा अडवितील. पण 1956 च्या राज्यपुनर्रचनेने जी रेघ ओढली ती आपल्या शिवारांतून गेली आहे. निपाणीच्या वेशीला लागूनच असलेले अर्जुननगर कोल्हापूर जिल्ह्यात मोडते. घर या बाजूला आणि जवळची मराठी शाळा त्या बाजूला, असे ज्याचे असेल ते मूल या नियमाने दोन्हीकडचे राहत नाही. इकडे म्हणतात शिकतो तिकडे. तिकडे म्हणतात राहतो इकडे.

काही वर्षांपूर्वी असेच एक गृहस्थ आमच्याकडे आले. शाळेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. निवडक मुलांची एक निवासी शाळा, इतके पुरे. मुलाचे नाव यादीत आले होते, पेढे वाटून झाले होते, आणि कागदपत्रांच्या पडताळणीत हाच पेच निघून प्रवेश नाकारला गेला होता. गृहस्थ बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, “दाखला बदलून देतो म्हणत्यात एक जण. पाचवी हिकडंच शिकला असं लिहून. घेऊ काय?”

या प्रश्नाने आम्हांस छांदोग्य उपनिषदातील सत्यकामाची आठवण झाली, आणि ती कथा आम्ही त्यांना तेथेच सांगितली. ती मुळात शाळाप्रवेशाचीच कथा आहे. सत्यकाम नावाचा मुलगा गौतम ऋषींच्या आश्रमात शिकण्यास निघाला. गुरू गोत्र विचारतील, म्हणून त्याने आईला विचारले. जबाला म्हणाली, तारुण्यात अनेकांच्या घरी सेवा करीत फिरताना तू मला झालास; तुझे गोत्र मला ठाऊक नाही. माझे नाव जबाला, तुझे सत्यकाम. सत्यकाम जाबाल असेच सांग. मुलाने गुरूंपुढे जाऊन जसेच्या तसे सांगितले. प्रवेशपत्रिकेतील सर्वांत महत्त्वाचा रकाना रिकामा. आणि गुरूंनी त्या रिकाम्या रकान्यावरच त्याला घेतले, कारण सत्यापासून तो ढळला नाही.

कथा सांगताना आम्हांस फार बरे वाटत होते. गृहस्थांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि विचारले, “आमच्या साहेबांनी गौतमांवानी केलं न्हाई तर?”

याला आम्हांस उत्तर सुचले नाही. खरोखरच, सत्यकामाच्या कथेत गुरू गौतम आहेत म्हणून सत्याला प्रवेश मिळतो. जेथे संगणकाचा पडदा आहे आणि पडद्यावर दोन जिल्ह्यांची नावे जुळत नाहीत, तेथे सत्य सांगणारा बाहेरच राहण्याचा संभव अधिक. मग खोटा दाखला का घेऊ नये? आम्ही त्या रात्री बराच विचार केला. आमच्या मते याचे कारण ‘पकडले जाल’ हे नव्हे, जरी ते खरे आहे आणि त्याची शिक्षा मुलालाच होते. कारण असे की, दाखला बदलल्याबरोबर आपली तक्रारच नाहीशी होते. सीमेवरच्या मुलावर नियमाने अन्याय होतो, हे सांगण्याचा हक्क खऱ्या कागदालाच आहे. खोट्या कागदावर ते मूल सीमेवरचे राहतच नाही. ते इतरांसारखे सोयीचे मूल होते, आणि पुढच्या वर्षी त्याच वाटेने येणारा दुसरा मुलगा पुन्हा एकटा पडतो. शिवाय त्या मुलाला स्वतःला दाखल्यातले वाक्य खोटे आहे हे माहीत असणारच. पाचवीत आपण कोणत्या शाळेत होतो, हे दहा वर्षांचे मूल विसरत नाही.

आणखी एक कथा त्या वेळी आम्ही सांगितली नाही, ती येथे नमूद करतो. ज्ञानदेवादी भावंडांची. संन्यास घेतलेले विठ्ठलपंत गुरूंच्या आज्ञेने पुन्हा गृहस्थाश्रमात आले, आणि त्यांचा दोष मुलांच्या माथी मारून आळंदीने त्यांना बाहेर ठेवले. परंपरेने चालत आलेली चरित्रे सांगतात की, ही मुले शुद्धिपत्रासाठी पैठणच्या विद्वानांकडे गेली. आपल्या जन्माची हकिकत त्यांनी लपविली नाही, आणि नाकारणाऱ्यांच्या सत्तेपुढे तोंड चुकवूनही ती बसली नाहीत. चालत गेली, उभी राहिली, म्हणणे मांडले. आईबापांच्या निर्णयाचा भार मुलांवर पडावा काय, हा प्रश्न तेथे होता, आणि आपल्या सीमेवरच्या मुलाच्या बाबतीतही तोच आहे. कोणत्या बाजूच्या शाळेत घालावे हे मुलाने ठरविले नव्हते. एकलव्याची उपमा या प्रसंगी हटकून दिली जाते, पण ती आम्हांस येथे जुळत नाही. द्रोणांना एकलव्याची योग्यता कळली होती आणि म्हणूनच त्यांना भय वाटले. आपल्या मुलांना नाकारणाऱ्यांना बहुधा त्यांच्याविषयी काहीच कळलेले नसते.

त्या गृहस्थांचा अर्ज आम्ही लिहून दिला. त्यात घर कोठे, शाळा कोठे, दोहोंत किती पावलांचे अंतर, त्या शाळेत घालण्याचे कारण काय, हे सर्व जसेच्या तसे लिहिले. कोणा दुसऱ्या मुलाची जागा मागितली नाही. सीमेवरच्या मुलांसाठी नियमात काही वेगळी वाट असावी आणि या मुलाचा विचार त्या दृष्टीने व्हावा, इतकेच मागितले. दीड महिन्याने एका ओळीचे उत्तर आले: नियमात तरतूद नसल्याने विचार करता येत नाही. त्यानंतर कित्येक महिने ते गृहस्थ देवळात आले नाहीत. आम्ही त्यांना दोष देत नाही. आमचे स्वतःचे मूल त्या जागी असते तर आम्ही सत्यकामाची कथा इतक्या सुखाने सांगितली असती काय, ही शंका आम्हांस त्या वेळी आली आणि अजून गेलेली नाही.

मुलाविषयी थोडे सांगावयाचे राहिले. अर्ज चालू असताना त्याच्या कानांवर काय पडते, याकडे फार थोड्यांचे लक्ष असते. ‘तुझ्यावर अन्याय झाला’ हे त्याला रोज ऐकविले तर ते अभ्यासाऐवजी शत्रू शोधू लागते. ‘तुझ्याच नशिबी नव्हते’ हे ऐकविले तर अंग चोरू लागते. ‘कागदात चूक झाली असेल तर आम्ही मोठी माणसे ती पाहतो, तू गणिते सोडव’ असे सांगणारा बाप आम्ही क्वचित पाहिला. सत्यकामाला प्रवेश मिळाला तेव्हा गुरूंनी त्याच्यापुढे पोथी ठेवली नव्हती. चारशे रोड गाई देऊन रानात पाठविले होते, आणि त्यांच्या हजार झाल्यावाचून परतणार नाही असे म्हणून तो गेला. रानात त्याला बैलाने, अग्नीने, हंसाने आणि एका पाणपक्ष्याने ज्ञान दिले, असे उपनिषद सांगते. वर सांगितलेला मुलगा त्याच गावशाळेत पुढे शिकला. नवोदयात नववीला रिकाम्या जागांसाठी पुन्हा परीक्षा असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्याच्या वडिलांनाही नव्हते. ते कळल्यावर मात्र गृहस्थ एके दिवशी आरतीला आले आणि नेहमीच्या खांबाशी उभे राहिले.

या वर्षीच्या याद्या लागल्यावर ज्यांना अर्ज लिहून हवा असेल त्यांनी गुरुवारी आरतीनंतर ओवरीत यावे. मूळ दाखले, जन्माचा दाखला व रहिवासाचा पुरावा सोबत आणावा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी संकोच करू नये. त्यांचे काम आधी केले जाईल. मुलाला बरोबर आणण्याची आवश्यकता नाही.